पिसवांच्या पोटात प्लेगच्या जनुकांचा माग

एखादा जिवाणू रोगकारक नेमका कशामुळे ठरतो, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचे एखादे जनुक निकामी करतात आणि अशा जिवाणूचा संसर्ग प्राण्याला घडवून परिणाम पाहतात. या कामी उंदरांप्रमाणेच कीटकांचाही उपयोग होतो. मुंबईने सोसलेल्या प्लेगचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रोग पसरतो कसा, हे तेव्हा ठाऊक नव्हते. घरांची झडती, धुलाई, रुग्णांची सक्तीने रवानगी, सारे उपाय अंधारात चाचपडतच झाले. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखवले. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांच्या संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. १९१४मध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी त्यामागील क्रिया उलगडली. पिसूच्या अन्नमार्गात जिवाणूंचा गोळा साचून वाट तुंबते. भुकेली पिसू वारंवार चावते आणि शोषलेले रक्त जिवाणूंसह जखमेत परत जाते.

हा गोळा कोणत्या जनुकांमुळे बनतो, याचे उत्तर १९९६मध्ये अमेरिकेत मिळाले. 'एचएमएस' जनुके नसलेले जिवाणू पिसूच्या पोटात जगले, पण वाट तुंबली नाही. २००२मध्ये 'वायएमटी' हे जनुक जिवाणूला पिसूच्या पोटात तगवून धरते, असे आढळले. उंदराला मारण्यासाठी मात्र जिवाणूला यांपैकी कशाचीच गरज भासत नाही. त्यामुळे केवळ उंदरांवर प्रयोग केले असते, तर ही जनुके नजरेतून निसटली असती.

पिसवांवाटे न पसरणाऱ्या जिवाणूंसाठी मधमाश्यांच्या पोळ्यातील मेण खाणाऱ्या पतंगाची अळी वापरतात. ती स्वस्त असून मानवी शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानातही जगते. जिवाणू टोचल्यावर संसर्ग वाढला, की ती काळी पडते. किती अळ्या मेल्या आणि किती वेळात, यावरून जिवाणूची मारकता ठरते. रुग्णालयांत उपद्रव देणाऱ्या 'स्यूडोमोनास' जिवाणूची जनुके निकामी केली असता अळ्या आणि उंदीर यांच्यातील निष्कर्ष बऱ्याच अंशी जुळतात, असे २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

अर्थात कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. म्हणून अळीवरील निष्कर्ष माणसाला थेट लागू करता येत नाहीत. मात्र शेकडो जनुकांतून मोजकी निवडण्याची पहिली चाळणी अळीवर झाली, तर पुढील प्रयोगांत कमी उंदरांचा बळी जातो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची मारकताच बोथट करणाऱ्या औषधांचा शोधही याच वाटेने सुरू आहे.