प्लेग आणि कातडीची साक्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर सरकारने रोगाचा शोध माणसांच्या अंगावर सुरू केला. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. पुण्यात सोजीर घराघरांत शिरले. त्या जुलमाचा संताप २२ जून १८९७ रोजी तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावरच्या गोळ्यांतून बाहेर पडला. हा इतिहास आपण जुलूम आणि प्रतिकार यांच्या अंगाने वाचतो, आणि ते रास्तच आहे. पण तेव्हा रोग्यांवर अस्वच्छतेचा ठपकाही ठेवला गेला होता. माझ्या मते तो ठपका पुसणारी सर्वांत भक्कम साक्ष रोग्यांच्या कातडीनेच दिली.

प्लेगचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडले होते, पण ते शरीरात शिरतात कसे, हे कळले नव्हते. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांवरच्या जखमांतून शिरतात, असे अनेक डॉक्टर मानत. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरला काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायांवर, एक बारीक फोड दिसला. त्यातल्या पाण्यात प्लेगचेच जंतू होते. ही पिसूच्या दंशाची खूण असावी, हे त्याने ताडले. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने काचेच्या बरणीत एक आजारी उंदीर ठेवला आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवांना मात्र वाट मोकळी होती. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. तरीही पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे त्याचे म्हणणे कित्येक वर्षे धुडकावले गेले. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने ते प्रयोगांनी पक्के केले.

कोणी म्हणेल, घाणीत उंदीर माजतात, मग ठपका चुकीचा कसा? घाण, दाटीवाटीची घरे आणि धान्याची गोदामे उंदीर पोसतात, हे खरेच. पण तो वस्तीचा आणि कारभाराचा प्रश्न आहे, लोकांच्या अंगाचा नव्हे. धड कातडीतून हा जंतू आत जात नाही. पिसू ती भेदून त्याला थेट आत सोडते. तिथे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशी धावून येतात आणि बरेच जंतू मारतात, पण काही जंतू भक्षक पेशींच्या पोटातच तगतात, शरीराच्या उबेत स्वतःभोवती आवरण चढवतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात. पायाला दंश झाला की गाठ जांघेत येते, ती यामुळे. फुप्फुसाच्या प्लेगला पिसू लागत नाही, हा आक्षेपही खरा आहे. श्वासमार्गाचे ओले अस्तर चिकट स्रावात बरेच कण अडकवते आणि सूक्ष्म केसांनी बाहेर लोटते, पण रोग्याच्या खोकल्यातले बारीक तुषार त्याला चुकवून खोल जातात. म्हणूनच १९१०-११ च्या मांचुरियातील साथीत वू लिएन-ते यांनी कापसाच्या आणि जाळीदार कापडाच्या मुखपट्ट्यांवर भर दिला. दोन्ही प्रकारांत मुद्दा एकच ठरतो: जंतूने शरीराचे कुंपण कुठे आणि कसे ओलांडले, हे आधी शोधावे लागते.

काखा-जांघांतल्या गाठी चाचपणाऱ्यांनी रोगाचा नंतरचा टप्पा पाहिला, सिमोंने पहिला पाहिला. यापुढे कुठलीही साथ आली, की लोकांच्या सवयींना दोष देण्याआधी जंतूची वाट शोधा. उपाय तिथूनच सुरू होतो.