मस्तगडाची विहीर आणि पाण्याचे स्थापत्य

प्रतिनिधी, जालना

स्थापत्य अभियांत्रिकीतील कल्पकता म्हटले की उंच इमारती आणि सागरी सेतू डोळ्यांसमोर येतात. जालना शहरात तिचा जुना दाखला मात्र जमिनीखाली आहे. निजाम-उल-मुल्क असफजहा याच्या आज्ञेवरून काबिलखानाने 1725 मध्ये येथे किल्ला व बालेकिल्ला बांधला. हा बालेकिल्ला म्हणजेच मस्तगड. किल्ला चौकोनी असून कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज आहेत; बालेकिल्ल्यात बांधकामाची नोंद करणारा फारसी शिलालेख होता. पुढे या वास्तूत नगरपालिकेचे कार्यालय थाटले गेले.

अभ्यासकाने थांबावे असे ठिकाण म्हणजे येथील मोठी विहीर. तिच्या बाजूंना सज्जे आणि दालने काढलेली आहेत. पाण्याचा गारवा आणि जमिनीखालची सावली यांमुळे अशा दालनांत उन्हाळा सुसह्य होतो. मराठवाड्याच्या उन्हात विहीर खोदणारे अनेक असतील. तिच्या खोदाईतूनच विसाव्याची जागा निर्माण करणे हा वेगळा विचार होय. एकाच खर्चात पाणीही मिळाले आणि गारवाही!

शहराच्या पाणीपुरवठ्यामागेही अशीच दृष्टी दिसते. मोती तलाव आणि तेथून भूमिगत नळांद्वारे शहरातील हौदांपर्यंत पाणी नेण्याची व्यवस्था जमशेदखानाच्या नावाने ओळखली जाते. पंप नसलेल्या काळात पाण्याला पुढे ढकलणारे बळ एकच, ते म्हणजे उतार. तो कमी पडला तर पाणी थबकते, फार झाला तर सांधे फुटतात. म्हणजे खोदाईला हात घालण्यापूर्वी भूमीचे चढउतार अचूक ओळखणे आवश्यक होते.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, या विद्येचे अधिक प्रगत रूप आढळते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या नहरीवर जागोजागी उंच मनोरे उभारलेले होते. बंद नळातील हवा त्यांतून बाहेर पडे आणि पाण्याचा दाबही आटोक्यात राही. पाणचक्कीत तर उंचावरून सोडलेल्या पाण्याने जाते फिरे. तेथील हौद हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असल्याने ते दालन उन्हाळ्यात थंड राहते. मस्तगडाच्या विहिरीशी हे साम्य लक्षणीय आहे.

2012-13 च्या दुष्काळात जालनेकरांना टँकरची वाट पाहावी लागली. जायकवाडी जलाशयाचे पाणी शहरात आणायचे तर ते पंपाने चढवावे लागते, कारण शहर जलाशयापेक्षा उंचावर आहे. वाढलेल्या लोकवस्तीची तहान मोती तलावाच्या नळांनी भागणार नाही, हे मान्यच. परंतु जुन्या नळमार्गांचे आणि विहिरीचे शास्त्रशुद्ध मोजमाप करून नकाशे तयार करणे फारसे खर्चाचे काम नाही. रस्ते व गटारांच्या खोदाईत असे नळ फुटले की त्यांचा उतार कसा साधला होता, हे पुन्हा कळण्याचा मार्ग उरत नाही. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल.