वसईतील एक सही : ३१ डिसेंबर १८०२

१/ वसई म्हटली की १७३९ आणि चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. ६३ वर्षांनी तेथेच झालेली एक सही मात्र विस्मरणात गेली आहे.

२/ पेशवा राज्याचा धनी नव्हता; साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे घेणारा सेवक होता. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजा मोडल्या. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणमार्गे वसईस, इंग्रजांच्या आश्रयाला आला.

३/ तह झाला. कंपनीचे ६,००० पायदळ कायम पोसायचे, त्यासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, परराज्यांशी बोलणी इंग्रजांच्या सल्ल्यानेच करायची. शिंदे किंवा भोसले यांना कोणी विचारले नाही.

४/ मे १८०३ मध्ये बाजीरावास गादी परत मिळाली. तिची किंमत त्याच वर्षी असई आणि आडगावच्या रणांगणांवर इतरांच्या सैनिकांनी मोजली. १८१८ मध्ये राज्य बुडाले; बाजीरावास सालिना आठ लाखांचे निवृत्तिवेतन मिळाले.

५/ बाजीराव भित्रा होता, एवढे म्हणून भागत नाही. नाना फडणवीस १८०० मध्येच निवर्तले होते आणि छत्रपती नामधारी उरले होते. सेवकाला जाब विचारणारे कोणीच नव्हते, म्हणून ती एक सही साऱ्या राज्यावर बंधनकारक ठरली.