पडद्याचा वेग आणि तारेची वाट

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र आपल्याला स्थिर भासते, तरी ते सेकंदाला साधारणतः ६० वेळा नव्याने रेखले जात असते. मात्र संगणकाला मोठा, बारीक ठिपक्यांचा पडदा जोडला की पुष्कळांच्या अनुभवास निराळेच येते. पडदा ६० वेळांचा असतो आणि चित्र येते ३० वेळांचे. बाण अडखळत चालतो, सरकती अक्षरे तुटक दिसतात. मग दोष पडद्याचा की संगणकाचा, असा वाद सुरू होतो. या वादाचा निवाडा आपण इतिहासाकडे मागू. कारण बारकावा आणि वेग यांचे हे भांडण दूरचित्रवाणीइतके जुने आहे.

नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा दोन पद्धती आलटूनपालटून वापरल्या जात. बेअर्ड यांची पद्धती २४० रेषांचे पूर्ण चित्र सेकंदाला २५ वेळा पाठवी. मार्कोनी-ईएमआयच्या पद्धतीत रेषा ४०५ होत्या; परंतु एकदा विषम आणि एकदा सम रेषा, अशी सेकंदाला ५० अर्धचित्रे ती धाडी. त्यामुळे लुकलुक कमी झाली आणि वाहिनीवरचा भारही दुप्पट झाला नाही. १९३७ च्या आरंभीच बेअर्ड पद्धती मागे पडली. १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी आली तीही ६२५ रेषा आणि ५० अर्धचित्रे याच तडजोडीवर.

संगणकावर ही युक्ती चालेना. बारीक अक्षरांच्या कडा अर्धचित्रांत थरथरतात. तेथे पूर्ण चित्रच हवे. २००१ साली आयबीएमने टी-२२१ हा पडदा आणला. ३८४० गुणिले २४०० म्हणजे ९२ लाखांहून अधिक ठिपके त्यात होते. परंतु १९९९ च्या डीव्हीआय जोडणीची एक वाट सेकंदाला फार तर १६.५ कोटी ठिपके नेई. एका वाटेने चित्र बदले सेकंदाला अवघे १३ वेळा. चार वाटा एकत्र जोडाव्या तेव्हा ४१ वेळा!

पुढे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे पडदे घरोघर आले. ६० वेळांसाठी त्यांना सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४ कोटींची. म्हणून वेग ३० वर अडला. २०१३ च्या २.० आवृत्तीने ती ६० कोटींवर नेली आणि कोंडी फुटली. डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीत ही शक्ती २०१० पासूनच होती. तरी २०१३ चे काही पडदे आतून दोन अर्धे जोडल्यासारखेच चालत.

यावरून निष्कर्ष उघड आहे. संगणक, तार, मधले जोडयंत्र आणि पडदा ही एक साखळी आहे आणि तिचा वेग सर्वांत दुबळी कडी ठरवते. एकाच तारेतून चित्र आणि इतर माहिती नेणारी जुनी जोडयंत्रे वाट विभागून घेतात, आणि चांगला पडदाही ३० वरच राहतो.

यात ग्राहकाचा पैसा गुंतला आहे. २०२१ साली असे उघड झाले की, एचडीएमआय २.१ हे नाव धारण करणाऱ्या वस्तूत त्या आवृत्तीचे नवे गुण असलेच पाहिजेत असे नाही. तेव्हा नावावर विसंबणे पुरेसे नाही. किती ठिपके, सेकंदाला किती वेळा, आणि कोणत्या तारेतून, हे तीन प्रश्न दुकानातच विचारले पाहिजेत. विकत घेतलेला वेग पदरात पडण्याचा मार्ग तोच आहे.