वाघिणीऐवजी: 'शेरनी'तल्या प्रतिमा आणि यवतमाळचा इतिहास

अमित मसुरकर यांच्या 'शेरनी' (२०२१) या हिंदी चित्रपटाच्या आरंभी जंगलात वाघ नसतो. असतो तो हातापायांवर रांगणारा माणूस. वनखात्याचा हा कर्मचारी कॅमेरा ट्रॅप नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी वाघ झालेला असतो. शेवटी काचेआड पेंढा भरलेले प्राणी दिसतात. या दोन टोकांमध्ये पंजाचे ठसे, यंत्राने टिपलेली छायाचित्रे आणि शिकाऱ्याच्या फुशारकीतले वाघ येत राहतात. विद्या या अधिकाऱ्याच्या घरात मांजराचे पिल्लू वावरते. खरी वाघीण मात्र क्वचितच दिसते. चित्रपट या प्रतिमांचे स्पष्टीकरण देत नाही आणि त्यातूनच त्याची अस्वस्थता निर्माण होते.

नायिका म्हणजेच शेरनी, पुरुषी यंत्रणेत कोंडलेली स्त्री, हे समीकरण शीर्षकच सुचवते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वर उल्लेखिलेल्या प्रतिमांत एक समान सूत्र आहे: त्या वाघिणीची प्रतीके नसून तिच्या 'ऐवजी' आलेल्या वस्तू आहेत. हे सूत्र कोठून आले असावे, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याकडे वळावे लागते.

चित्रपटाचे चित्रीकरण मध्य प्रदेशात झाले. त्याची कथा मात्र पांढरकवडा-राळेगाव परिसरातल्या टी-१ वाघिणीची आठवण करून देते. टिपेश्वर अभयारण्याच्या बाहेर, कापसाच्या शेतांमध्ये अडकलेल्या तुटक जंगलात ती वावरत होती. २०१६ ते २०१८ या काळातल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. ते सगळेच तिच्यामुळे झाले का, यावर वाद झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिला आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का, यावर पुढे चौकशीत प्रश्न उपस्थित झाले.

या शोधमोहिमेची साधने आठवून पाहावीत. कॅमेरा ट्रॅप होते, हत्ती होते, शिकारी कुत्रे होते. वाघिणीला ओढून आणण्यासाठी एका परदेशी अत्तराचा वापर झाला. त्यात जवादी मांजराच्या गंधद्रव्याशी साधर्म्य असलेला कृत्रिम घटक असतो. म्हणजे प्राण्याच्या गंधाऐवजी बाटलीतला गंध! मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि त्याने एका स्त्रीचा जीव घेतला. संरक्षणासाठी आणलेले साधनच गावावर उलटले.

नावांचेही तसेच. वनखात्याच्या कागदोपत्री ती टी-१ होती. प्राणिप्रेमींनी तिला 'अवनी' म्हटले. ज्यांना रोज त्याच रानात गुरे न्यावी लागत, त्यांच्यासाठी ती केवळ 'वाघ' होती. एक क्रमांक, एक लाडके नाव आणि एक भय: तिन्हींच्या आड प्रत्यक्ष जनावर दिसेनासे झाले. चित्रपटातल्या वाघिणीलाही टी-१२ हा क्रमांक आहे, आणि तांब्याची खाण तिची वाट अडवते. जागा नाहीशी झाली की जनावराची नोंद तेवढी उरते, हे चित्रपट संवादापेक्षा प्रतिमांतून अधिक नेमके सांगतो.

शेवटाच्या बाबतीत मात्र इतिहास चित्रपटापेक्षा निष्ठुर आहे. पडद्यावर पिल्ले जिवंत सापडतात. प्रत्यक्षात टी-१ च्या मादी बछड्याला डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेण्यात आले. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात मोकळे सोडले. झुंजीत जखमी होऊन ती थोड्याच दिवसांत मेली. 'शेरनी' प्रदर्शित झाला तो त्यानंतर तीन महिन्यांनी, १८ जून २०२१ रोजी.

म्हणूनच समीक्षकानेही सावध राहायला हवे. वाघिणीला स्त्रीत्वाचे किंवा निसर्गाचे रूपक ठरवले की आपणही 'ऐवजी'च्या त्या मालिकेत आणखी एका वस्तूची भर घालतो. रूपकाला भूक नसते, त्याला हद्द लागत नाही आणि त्याच्यामुळे कोणाच्या घरातले माणूस जात नाही. राळेगावच्या रानात या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. संग्रहालयातल्या काचेआडच्या निर्जीव डोळ्यांचा अर्थ लावताना त्या रानाचा विसर पडला, तर ती काच आपल्या वाचनातही उभी राहते.