फुकटातली देवनागरी

परवा पनवेल स्टेशनबाहेर चहा पिताना स्टार्टअपवाला मित्र म्हणाला, "लिनक्स डेस्कटॉपसाठी अ‍ॅप कशाला लिहू? गिऱ्हाईक कुठंय?"

म्हटलं, थोडा इतिहास ऐक. एकेकाळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम... प्रत्येकाचे फाँट वेगळे. एकातलं मराठी दुसऱ्यात उघडलं की नुसता चिन्हांचा कचरा! जून २००२ मध्ये ग्नोम २.० आलं. त्यातल्या पँगोनं युनिकोड मजकूर जोडाक्षरांसकट मांडायचं काम स्वतःकडे घेतलं. पुढे रेड हॅटनं लोहित फाँटही मुक्त परवान्यावर दिले. अ‍ॅप लिहिणाऱ्याला देवनागरी आयती मिळाली. ना फी, ना कुणाची परवानगी.

गिऱ्हाईक कमी, मान्य. पण हा पाया उद्या कुणी काढून घेणार नाही.

मित्राला पटलं बहुतेक. चहाचे पैसे मात्र मीच दिले!