भूमीचे वाचन

शास्त्राचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी दुर्बीण, मग कॅमेरा, मग विमान आणि अखेरीस उपग्रह, अशी मालिका मांडली की सांगण्यासारखे सारे सांगून झाले असे वाटते. परंतु साधनाने जे दाखवले ते ओळखणारा माणूस कोठे व कसा घडला, याचा वृत्तांत त्या मालिकेत क्वचितच सापडतो. सुदूर संवेदन, म्हणजे विमानातून वा उपग्रहातून घेतलेल्या चित्रांवरून भूमीचे ज्ञान मिळवण्याची विद्या. तिचा भारतातील इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या विद्येची शाळा डेहराडून येथे १९६६ साली निघाली. भूमीचे नियमित निरीक्षण करणारा भारताचा पहिला उपग्रह मात्र १९८८ साली अवकाशात गेला. शाळा आधी आणि उपग्रह बावीस वर्षांनी, या क्रमातच त्या इतिहासाचे मर्म आहे.

डेहराडूनला ही शाळा निघावी हे स्वाभाविक होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ते जुने ठाणे. ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने या विभागाला कीर्ती मिळवून दिली, त्याचा आरंभ १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन याने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजून केला. पुढे दोन दशके तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली, काम चालू असतानाच, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्या काळी भूमी पाहणे म्हणजे ती पायांखाली घालणे होते. जंगल तोडून वाट काढणारे, टेकडीवर निशाण धरून उभे राहणारे आणि हिवतापाने मरणारे खलाशी इतिहासात बहुतेक निनावीच राहिले. मोजमापांतून अर्थ काढणाऱ्यांपैकी एकाचे नाव मात्र टिकले, ते राधानाथ सिकदार यांचे. 'पंधरावे शिखर' एवढीच ओळख असलेला हिमालयातील पर्वत जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ च्या सुमारास त्यांच्या गणिताने दाखवून दिले. शिखर दुर्बिणीला दिसले होतेच. त्याची थोरवी कळली ती आकडे वाचणाऱ्याला.

विसाव्या शतकात विमानाने ही पायपीट पुष्कळ कमी केली. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करण्याच्या विद्येत नेदरलँड्स हा चिमुकला देश आघाडीवर होता. समुद्राला बांध घालून जमीन मिळवणाऱ्या राष्ट्राला मोजणीची किंमत कोणी शिकवावी लागत नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाचे पंतप्रधानपद भूषवलेले विलेम शेरमरहॉर्न हे मूळचे भूमापनाचे प्राध्यापक. त्यांच्याच प्रयत्नाने १९५० साली डेल्फ्ट येथे विकसनशील देशांतील तरुणांना हवाई सर्वेक्षण शिकवणारी संस्था उभी राहिली. पंडित नेहरूंनी १९५७ साली नेदरलँड्सला भेट दिली, तेव्हा अशी एक संस्था भारतातही असावी हा विचार मूळ धरू लागला. तो फळास आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. डच साहाय्याने आणि सर्वेक्षण विभागाच्या छत्राखाली 'इंडियन फोटो-इंटरप्रिटेशन इन्स्टिट्यूट' सुरू झाली ती एप्रिल १९६६ मध्ये.

संस्थेच्या नावातच तिचे प्रयोजन होते. तेथे छायाचित्र कसे घ्यावे यापेक्षा ते कसे वाचावे हे शिकवायचे होते. एकाच प्रदेशाची दोन ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे त्रिमितीदर्शकाखाली ठेवली की सपाट कागदावर डोंगर उभे राहतात आणि दऱ्या खचतात. मग छटा, पोत, आकार, सावली आणि रचना यांवरून साल कोठे, साग कोठे, खडकाला भेग कोठे, हे ताडायचे. हे झाले अनुमान. ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी नकाशा घेऊन प्रत्यक्ष त्या जागी जावे लागे. कारण ज्याची पडताळणी झाली नाही ते वाचन या विद्येत प्रमाण मानले जात नाही.

या विद्येचे सामर्थ्य १९७० च्या सुमारास केरळात दिसून आले. तेथील नारळीच्या बागांना मुळांच्या रोगाने ग्रासले होते. शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना संवेदनशील अशा रंगीत फिल्मवर त्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते. रोगट पानाचे हे सामर्थ्य घटते. डोळ्याला दोन्ही माड सारखेच हिरवे दिसत असता फिल्मवर त्यांच्यात भेद उमटला. भारतातील सुदूर संवेदनाचा प्रारंभ पुष्कळदा या प्रयोगापासून मानला जातो.

यानंतर घटना वेगाने घडल्या. १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला आणि १९७९ पासून त्या मालिकेची चित्रे हैदराबादजवळ थेट उतरवून घेतली जाऊ लागली. त्याच वर्षी 'भास्कर' हा भारताचा प्रायोगिक उपग्रह सोव्हिएत भूमीवरून निघाला. अखेर १७ मार्च १९८८ रोजी 'आयआरएस-१ए' सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर गेला आणि दर बावीस दिवसांनी तीच भूमी पुन्हा पाहू लागला. परकीय उपग्रहांवर विसंबण्याची सक्ती सैल झाली. आलेली चित्रे वाचणारी पिढी मात्र तोवर तयार होती.

दरम्यान दुसरी एक विद्या या विद्येला येऊन मिळाली. कॅनडात १९६० नंतरच्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी माती, जंगल, शेती यांचे नकाशे संगणकात थरांसारखे एकावर एक रचून त्यांना एकत्र प्रश्न विचारण्याची पद्धती सिद्ध केली. हीच भौगोलिक माहिती प्रणाली. दोन्ही विद्यांचे शिक्षण पुढे पदव्युत्तर पायरीवर गेले. पवईच्या आयआयटीत १९७६ साली यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. डेहराडूनच्या संस्थेला १९८३ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग' हे नाव मिळाले आणि आंध्र विद्यापीठाशी संलग्न असा एम. टेक. चा अभ्यासक्रम तेथे चालू लागला. आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील विद्यार्थ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने १९९५ साली स्थापन झालेले केंद्रही याच नगरात आले. एकेकाळी डचांकडून शिकलेले नगर आता इतरांना शिकवू लागले.

चित्र घेणे आणि त्याचे गणित करणे ही दोन्ही कामे यंत्रे करू लागल्यावर दोन वर्षांच्या अभ्यासाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोलापूरच्या मातीत आहे. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील प्रत्येक ठिपका ७२.५ मीटर बाजूचा होता. म्हणजे सुमारे एक एकर बारा गुंठे जमीन. बांध, बाभळ, विहीर, पीक, सारे त्या एका आकड्यात विरघळून जाई. मंगळवेढ्याकडची काळी रानं पावसाळाभर मोकळी ठेवतात आणि हस्ताच्या सुमारास त्यांत शाळू पेरतात. श्रावणातले चित्र पाहून तेथे नापीक जमीन आहे असे जो लिहील, त्याचे गणित बिनचूक असूनही वाचन चुकलेले असेल.

ही चूक कागदापुरती राहत नाही. देशातील पडीक जमिनींचा ॲटलास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातील वर्गवारीत खुरट्या झुडपांची जमीन आणि अवनत चराऊ राने यांचाही समावेश होता. परंतु धनगराच्या मेंढ्या जगतात त्या अशाच रानांवर. आणि नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य करावे लागले, तेही माळरानावरच. उपग्रह कोणत्याही जमिनीला पडीक म्हणत नाही. तो परावर्तित प्रकाशाचे आकडे पाठवतो. शब्द लिहितो तो माणूस. त्या शब्दावरून कोठे झाडे लावावीत, कोठे उद्योग आणावा आणि कोणाची गुरे कोठून हटवावीत, याचे निर्णय होऊ शकतात. म्हणून त्या शब्दामागे भूगोलाइतकीच शेतीची, ऋतूची आणि लोकांच्या वहिवाटीची जाण असावी लागते.

२००८ पासून लँडसॅटचा सारा संग्रह जगाला विनामूल्य खुला झाला. चित्रांचे दुर्भिक्ष संपले. आज एखाद्या तालुक्याच्या गावी बसलेला विद्यार्थीही आपल्या शिवाराची काही दशकांतील स्थित्यंतरे पाहू शकतो. मात्र पाहिलेल्या गोष्टीचे नाव लिहिण्यापूर्वी त्या शिवारात जाऊन, तेथे गुरे राखणाऱ्याला त्या जागेचे नाव विचारावे, हा धडा १९६६ च्या त्या वर्गाइतकाच त्यालाही लागू आहे.